तैमात, अप्सु आणि टिळकांची उलटतपासणी

रामकृष्ण गोपाळ भांडारकर ६ जुलै १९१७ रोजी ऐंशी वर्षांचे झाले. त्याच दिवशी पुण्यात त्यांच्या नावाच्या प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि त्यांना एक गौरवग्रंथ अर्पण करण्यात आला. त्या ग्रंथात बाळ गंगाधर टिळकांचा एक इंग्रजी निबंध आहे. मराठीत त्याचं नाव 'खाल्डियन आणि भारतीय वेद' असं होईल. पानं चौदा-पंधरा. 'ओरायन' आणि 'आर्क्टिक होम' यांची नावं निदान ऐकून तरी सगळ्यांना माहीत असतात, 'गीतारहस्य' तर घराघरांत असतं. हा निबंध मात्र टिळकांच्या चाहत्यांच्याही सहसा वाचनात नसतो. माझ्या मते टिळकांचं संशोधक म्हणून जे खरं कसब होतं, ते इतक्या थोड्या जागेत दुसरीकडे कुठे दिसत नाही.

तो कोणासाठी लिहिला गेला, हे आधी बघण्यासारखं आहे. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून पुणं पेटलं होतं तेव्हा भांडारकर कायद्याच्या बाजूने आणि टिळक विरोधात उभे होते. दोघांनी एकमेकांवर धर्मशास्त्रातली वचनं फेकली, दोघेही संस्कृतात पक्के, त्यामुळे भांडण रंगलं. पुढे प्रार्थना समाज, सरकारदरबार, मवाळ-जहाल, एकाही बाबतीत हे दोघे एका ओळीत बसले नाहीत. आणि १९१७च्या सुमाराचे टिळक काही रिकामे नव्हते. १९१४ला मंडालेहून सुटले, १९१५ला 'गीतारहस्य' छापून आलं, १९१६ला होमरूल लीग काढली. त्याच वर्षी एकसष्टीच्या समारंभात सरकारने वीस हजारांच्या जातमुचलक्याची नोटीस हातात ठेवली आणि ते प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. तिथे जीनांनी बाजू मांडून ते निकालात काढलं. अशा धामधुमीत जुन्या प्रतिपक्ष्याच्या सत्काराला हा माणूस काय घेऊन जातो, तर अथर्ववेदातला साप उतरवण्याचा मंत्र!

आता त्या मंत्राकडे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातलं तेरावं सूक्त. ऋचा अकरा. त्यातल्या सहापासून दहापर्यंतच्या पाच ऋचांवर टिळकांची नजर आहे.

पुण्याजवळच्या आमच्या ताथवड्यात आज सापाची आठवण निघायचं कारण उरलेलं नाही. बायपासच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे आहेत, हिंजवडीच्या गाड्या सकाळपासून भुयारी मार्गात अडकलेल्या असतात. पण इथल्या जुन्या घरांतली साठी ओलांडलेली माणसं अजून दिवेलागणीनंतर 'साप' म्हणत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. उसाला पाणी द्यायला गेलेल्या कोणाला चावलं तर 'पान लागलं' म्हणायचं. नाव घेतलं तर ते येतं, अशी ती समजूत. अथर्ववेदातला मांत्रिक याच्या नेमकं उलट करतो. तो नावं घेतो, आणि नुसती नावं नाही, सापाचं सगळं खानदान बाहेर काढतो.

ऋचांचा बाज असा. आधी तो काळ्या तैमाताचा, तपकिरी सापाचा आणि अपोदकाचा म्हणजे पाण्याबाहेरच्या सापाचा राग उतरवतो, धनुष्याची ताणलेली दोरी उतरवावी तसा. पुढच्या ऋचेत आलिगी आणि विलिगी येतात, एक बाप, एक आई. तुमचे सगळे नातेवाईक आम्हांला चारी बाजूंनी ठाऊक आहेत, तुमचा रस निघून गेला, आता तुम्ही काय करणार, अशा अर्थाचं तो त्यांना दरडावतो. मग उरुगूलेची लेक येते. शेवटी ताबुव नावाचं काहीतरी, जे एका श्वासात आहे आणि नाही. मराठी भांडणात 'तुझी अख्खी कुंडली माझ्याकडे आहे' म्हणून समोरच्याला गार करतात ना, तोच पवित्रा आहे. मंत्र म्हणून या ऋचा झकास आहेत, कारण त्यांत विनवणी कुठेच नाही. सगळी दटावणी आहे, आणि दटावणाऱ्याला आपल्या माहितीचा भरवसा आहे.

पण ही नावं कुठली? संस्कृतात ती बसत नाहीत. धातू लावून पाहा, प्रत्यय लावून पाहा, ओढाताण होते. पाश्चात्त्य भाषांतरकारांनी ती जशीच्या तशी ठेवून दिली होती. सोपा रस्ता असा की गारुड्याची अगम्य बडबड म्हणून सोडून द्यायचं. आपल्याकडच्या शाबरी मंत्रांत असले शब्द ढिगाने आहेत आणि त्यांचा अर्थ विचारणाऱ्याला गुरू गप्प बसवतो. टिळक गप्प बसत नाहीत. ते म्हणतात, हे शब्द अर्थहीन नाहीत, परगावचे आहेत. आणि मग ते पत्ता शोधायला युफ्रेटिसच्या काठी जातात.

तैमात म्हणजे तिआमत, बाबिलोनी पुराणातली आदिम समुद्रराक्षसी. उरुगूला म्हणजे उरुगल, अक्षरशः 'मोठं नगर', सुमेरी भाषेत मृतांच्या लोकाचं नाव. सापाला त्या नगरीची लेक म्हटलं की ऋचेला एकदम तळ सापडतो. आलिगी आणि विलिगी यांच्यापाशी टिळक हात आखडता घेतात. नेमका माग लागला नाही असं सांगतात, अक्कडी वळणाची वाटतात म्हणतात, बिल आणि बिलगि अशा असिरियाई देवनावांकडे बोट दाखवतात आणि पुढे सरकतात. मला या निबंधात सर्वांत आवडते ती ही प्रतवारी. कुठलं विधान ठामपणे करायचं, कुठलं हळू आवाजात, हे लेखकाला पक्कं माहीत आहे. वकिलीचा वर्ग चालवलेला माणूस आहे. कोणता साक्षीदार उलटतपासणीत टिकेल आणि कोणाला लवकर खाली उतरवावं, याचा अंदाज त्याला आहे.

तैमाताची साक्ष सर्वांत भक्कम का, ते 'एनुमा एलिश' वाचल्यावर कळतं. सात मृत्तिकापट्टांवरचं हे सृष्टिकाव्य निनेवेच्या उत्खननात, असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयाच्या अवशेषांत सापडलं आणि जॉर्ज स्मिथने १८७६ साली ते जगापुढे आणलं. सुरुवातीला आकाशाला नाव नव्हतं, पृथ्वीला नाव नव्हतं. होती ती फक्त दोन पाणी, गोड पाण्याचा अप्सु आणि खाऱ्या पाण्याची तिआमत, एकमेकांत मिसळलेली. त्यांच्यापासून देव जन्मले. पोरांचा दंगा आजोबांना सहन होईना, म्हणून अप्सुने त्यांना संपवायचं ठरवलं. एआ देवाने त्यालाच मंत्राने झोपवून मारलं. मग तिआमत चवताळली, विषाने भरलेले नाग आणि विंचूमाणसं जन्माला घालून लढाईला उभी राहिली. कोणी पुढे होईना. तरुण मर्दुक तयार झाला, पण अट घालून: जिंकलो तर देवांचा राजा मी. वाऱ्यांची फौज, जाळं आणि बाण घेऊन तो गेला. तिने गिळायला जबडा उघडला तसा त्याने त्यात वारा कोंबला, पोट फुगलं, बाण आत गेला. आणि मग वाळवायचा मासा चिरतात तसं त्याने तिला उभं चिरलं. अर्ध्याचं छत करून आकाश बनवलं आणि पाणी गळू नये म्हणून राखणदार बसवले. बाबिलोनमध्ये वसंतातल्या नववर्षाच्या उत्सवात, निसान महिन्याच्या चौथ्या दिवशी, हे काव्य मर्दुकाच्या मूर्तीपुढे म्हटलं जाई.

ही कथा डोक्यात ठेवून परत ऋचेकडे या. तैमाताशेजारी अपोदक उभा आहे, पाण्याविना असलेला. म्हणजे तैमात हा पाण्याचा असणार, हे शब्दांच्या शेजारामुळेच सुचतं. अथर्ववेदात हा शब्द आणखी एकदा, पाचव्या कांडातच, विषाच्याच संदर्भात येतो. विष, पाणी, साप, काळेपणा: चारही खुणा तिआमतच्या गोतावळ्याशी जुळतात. पुढे टिळक इंद्र आणि वृत्र यांना मर्दुक आणि तिआमत यांच्या समोर उभं करतात. पाणी अडवून बसलेला सर्परूप शत्रू, तरुण देव, अस्त्र, विजय. ही तुलना आज कोणीही करील. १९१७ साली ती करायला दोन्हीकडची मूळ साधनं चाळलेली असावी लागत.

आता अप्सु. इथे वैयाकरण वाचक हसतो किंवा चिडतो. वेदात इंद्राला 'अप्सुजित्' म्हटलं आहे. शाळेत शिकलेला कोणीही सांगेल, 'अप्सु' हे 'अप्' या शब्दाचं सप्तमीचं बहुवचन, म्हणजे 'पाण्यांत'. अप्सुजित् म्हणजे पाण्यांत जिंकणारा. समासात विभक्ती लोप पावायला हवी होती, ती राहिली, म्हणून हा अलुक् समास. 'युधिष्ठिर' तसाच. पाणिनीने त्याची सोय करून ठेवली आहे. टिळक हे सगळं जाणून उलट प्रश्न विचारतात: इंद्राने पाण्यांत जिंकलं असं सांगण्यात विशेष काय? जिंकलं ते पाणीच ना? मग अप्सु हे नावच का मानू नये? वृत्राला जिंकणारा, तसा अप्सुला जिंकणारा. एका फटक्यात सप्तमीची गरज संपते आणि समोर तिआमतचा नवरा उभा राहतो.

हा युक्तिवाद मला पटत नाही. वेदात 'अप्सु'ने सुरू होणारे दुसरेही समास आहेत, तिथे पाण्यात राहणारा, पाण्यात जन्मलेला असा सरळ अर्थ लागतो. एकट्या अप्सुजित्‌साठी वेगळा न्याय लावायला आणखी पुरावा हवा. पण रसग्रहणाचा मुद्दा पटण्या-न पटण्याचा नाही. प्रतिपक्षाची सर्वांत बळकट बाजू, इथे व्याकरण, तिलाच साक्षीदार करून घ्यायचं, ही उलटतपासणी बघायला मिळते. 'केसरी'च्या अग्रलेखांत टिळक नेहमी हेच करत: सरकारचाच कायदा, सरकारचाच अहवाल काढून सरकारपुढे धरायचा.

निबंधाच्या नावातल्या 'खाल्डियन' शब्दाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. मला त्याची निकड जाणवली ती एका लग्नपत्रिकेमुळे. आमच्या मजल्यावरचं कुटुंब त्रिशूरचं. भाचीच्या लग्नाची पत्रिका दिली, त्यावर चर्चच्या नावात 'कल्डियन सुरियानी' असं छापलेलं. टिळकांचे खाल्डियन आणि हे कल्डियन एकच का? उत्तर हो आणि नाही असं दोन्ही आहे, आणि ते सांगायला थोडं मागे जावं लागतं.

मूळचे खाल्डियन, म्हणजे असिरियाई लेखांतले 'काल्दू', हे दक्षिण बाबिलोनियातल्या दलदलीच्या, बोरूच्या मुलखातले टोळीवाले. इसवीसनापूर्वी नवव्या शतकात ते पहिल्यांदा असिरियाई राजांच्या नोंदींत दिसतात. बीत-याकीन, बीत-दक्कुरी, बीत-अमुकानी ही त्यांची मोठी घराणी. बीत-याकीनचा मर्दुक-अप्ला-इद्दिना इ.स.पू. ७२१ मध्ये बाबिलोनच्या गादीवर बसला आणि असिरियाई सम्राटांच्या नाकी नऊ आणले. हरला की दलदलीत नाहीसा व्हायचा. गनिमी काव्याचं कौतुक आपल्याला कोणी शिकवायला नको. इ.स.पू. ६२६ मध्ये नाबोपोलासरपासून ज्या राजघराण्याला खाल्डियन म्हणून ओळखतात ते सुरू झालं. नेबुकदनेझर त्याच्यातला. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरसने बाबिलोन घेतलं आणि राज्य संपलं. नाव मात्र राहिलं. ग्रीक-रोमन लोक आकाश वाचणाऱ्या बाबिलोनी पंडितांनाच 'खाल्डियन' म्हणू लागले, कारण ते ग्रहणांच्या आणि ग्रहांच्या नोंदी शतकानुशतकं ठेवत आले होते. मराठी वाचकाला हे नाव तसं नवं नव्हतं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६ला आलं. वार आणि राशी आपल्या की बाहेरच्या, हा वाद त्यात मराठीतच घातलेला आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने मग मेसोपोटेमियातलं सुमेरी, अक्कडी, बाबिलोनी असं सगळंच एका नावाखाली घातलं. जॉर्ज स्मिथच्या पुस्तकाच्या नावातही 'खाल्डियन'च आहे. टिळकांनी तोच प्रघात उचलला. काटेकोर बोलायचं तर तिआमतची कथा आणि उरुगल हा शब्द खऱ्या खाल्डियनांहून जुने, आणि सुमेरी लोकांना 'तुराणी' वंशात घालणं आज कोणी मानत नाही. टिळकांच्या निबंधाचा हा भाग काळाने जीर्ण केला आहे.

माझ्या शेजाऱ्यांचं नाव वेगळ्या वाटेने आलं. मेसोपोटेमियात येशूच्या मातृभाषेच्या, आरामाईच्या, पूर्वेकडच्या बोलीत उपासना करणारी पौर्वात्य सभा होती. तिच्यातल्या रोमशी जोडल्या गेलेल्या शाखेला 'कल्डियन' हे नाव रोमकडून मिळालं. १५५३ साली योहन्नान सुलाका रोममध्ये तिचा प्रमुख धर्मगुरू म्हणून अभिषिक्त झाला तेव्हापासून ती परंपरा मोजतात. इराकच्या निनेवे मैदानातली अल्कोशसारखी गावं त्यांची. २००३ नंतर आणि विशेषतः २०१४च्या हल्ल्यानंतर त्यांतले पुष्कळ जण देशोधडीला लागले. अमेरिकेत डेट्रॉइटच्या आसपास आज त्यांची मोठी वस्ती आहे. त्रिशूरची सभा रोमकडे न गेलेल्या शाखेची, पण नाव तेच राहिलं. आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या कितीतरी केरळी कुटुंबांची उपासना याच पूर्व-सुरियानी वळणाची आहे. मिस्साबलिदानाला ते 'कुर्बाना' म्हणतात, बिशपाच्या नावाआधी 'मार' लावतात.

ही परंपरा महाराष्ट्राला पाहुणी नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापारी-प्रवाशाने लिहून ठेवलं की 'कल्लियाना'त इराणहून नेमलेला बिशप आहे. बहुतेक अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. १३२१ साली ठाण्याला मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंनी तिथल्या याच पंथाच्या घरात आसरा घेतला होता. १९८८ साली मुंबई-पुण्याकडच्या याच वळणाच्या केरळी सिरो-मलबार लोकांसाठी धर्मप्रांत निर्माण झाला, त्याचं ठाणं कल्याणच ठेवलं.

परत टिळकांकडे. निबंधाचा सर्वांत लंगडा भाग यहोवाचा. ऋग्वेदात 'यह्व' हा शब्द थोर, बलवान अशा अर्थाने वारंवार येतो. टिळकांचं म्हणणं, हाच शब्द खाल्डियात गेला आणि तिथून ज्यूंच्या देवाचं नाव झाला. म्हणजे तैमात तिकडून इकडे, यह्व इकडून तिकडे. नुसतं आपल्या पदरात पाडून न घेता देवाणघेवाण दाखवायची, हा हिशेबाचा तोल चांगला आहे. पण पुरावा नाही. यहोवाचं नाव खाल्डियातून आलं, ही समजूत त्या काळी हवेत होती. फ्रीडरिख डेलिच या जर्मन पंडिताने १३ जानेवारी १९०२ रोजी बर्लिनमध्ये कैसरसमोर व्याख्यान देऊन हे नाव बाबिलोनी पट्टांवर सापडल्याचं सांगितलं होतं आणि गहजब उडाला होता. त्याची ती वाचनं पुढे टिकली नाहीत. इथे टिळकांनी बिलगिजवळ दाखवलेला संयम सोडला.

त्यांना इतकं सगळं कशासाठी हवं होतं? कालनिर्णयासाठी. वेदांचा काळ अलीकडे ओढणाऱ्या युरोपीय पंडितांना त्यांना दाखवायचं होतं, की वैदिक लोक आणि मेसोपोटेमिया यांचा संबंध फार जुना आहे. शब्द उसने घेतले असतील तर दोन्ही घरं एकाच वेळी नांदती असली पाहिजेत. गंमत अशी की या युक्तिवादासाठी वेदात परके शब्द आहेत, हे त्यांना मान्य करावं लागतं, आणि ते करतात, खळखळ न करता. वेद अपौरुषेय मानणाऱ्या सनातन्यांचे पुढारी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जाई, ते टिळक अथर्ववेदातल्या मंत्रावर इराकचं गाव लिहून मोकळे होतात. भांडारकरांना यात नक्की मजा वाटली असेल.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. सप्टेंबर १९२४ मध्ये जॉन मार्शलने लंडनच्या सचित्र साप्ताहिकात हडप्पा आणि मोहेंजोदडोचे शोध जाहीर केले. लगेच पुढच्या अंकात आर्चिबाल्ड सेस यांचं पत्र आलं, की या मुद्रा इराणातल्या सूसा इथे सापडलेल्या पट्टांवरच्या खुणांसारख्या दिसतात. हे तेच सेस, ज्यांनी १८८७च्या व्याख्यानांत बाबिलोनी शब्दसूचीत मलमलीला 'सिंधू' म्हटल्याचं आणि ऊरच्या अवशेषांत सागवान असल्याचं सांगितलं होतं. पुढे ऊरच्या राजकबरींत सिंधूकाठचे कोरीव नक्षीचे लाल मणी निघाले, अक्कडच्या सारगोनाच्या धक्क्याला मेलुहाची जहाजं लागत असल्याची त्याची फुशारकी वाचली गेली. व्यापार होता, आणि फार जुना होता. फक्त त्या जहाजांवरची माणसं वेद म्हणणारी होती का, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, उलट अवघड झाला.

१९२५ साली टिळकांचे विखुरलेले निबंध वेदकाल आणि वेदांगज्योतिषावरच्या लेखनासोबत पुण्यात पुस्तकरूपाने निघाले, त्यात हाही आहे. तैमाताची ओळख आजही गंभीरपणे चर्चिली जाते, उरुगूलेची कमी, अप्सुची जवळपास नाहीच. आणि ताबुव? तो आहे आणि नाही, असं सांगणाऱ्या ऋचेचा सर्वांना मान्य होईल असा अर्थ अजून कोणाला लावता आलेला नाही.